तारेवरच्या मुंग्या

घरातील विजेची लहानमोठी कामे स्वतःच्या हाताने करण्याची सवय मला वडिलांकडून लागली. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पक्कड, टेस्टर, काळी चिकटपट्टी आणि फ्यूजच्या तारेचे एक भेंडोळे नेहमी असे. दिवे गेले की ते चिनी मातीचा फ्यूज काढीत, जळालेली तार झटकून नवी बसवीत आणि घर पुन्हा उजळे. पुढे ती पेटी माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत, आपल्याला हे सारे येते, असा एक आत्मविश्वासही आला. तो किती अपुरा होता, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातले. मागील दारी पडवी आणि चार पावलांवर न्हाणीघर. एका दिवाळीत न्हाणीघराच्या कोपऱ्यावर आकाशकंदील लावावा म्हणून मी पडवीतून दोनपदरी वायर बाहेर ओढली. ती लोंबू नये यासाठी कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेलाच जागोजागी बांधली. वायर अपुरी पडली तेथे दुसरा तुकडा जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली. दिवाळी सरली, कंदील उतरला. त्या जागी बल्ब आला आणि वायर तशीच राहिली. रात्री न्हाणीघराकडे जाणे सोयीचे झाले, म्हणून घरात माझे कौतुकही झाले.

पुढच्या आषाढात आई म्हणू लागली, ‘‘अरे, हाताला मुंग्या येतात.’’ आईला मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली होती. साखर वाढली असेल, नसा दुखावल्या असतील, असे मी मनाशी ठरवून टाकले. रक्त तपासून घेतले. बी-१२ जीवनसत्त्व थोडे कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या आणि माझे समाधान झाले. मुंग्या मात्र थांबल्या नाहीत. एकदा ती म्हणाली, ‘‘तारेला हात लावला की जास्तच येतात रे.’’ मी हसून म्हणालो, ‘‘आई, तार काय चावते होय?’’ हे वाक्य मला आजही आठवते आणि मान खाली जाते.

आमच्या डॉक्टरांनी मात्र तिला स्वस्थपणे विचारले, ‘‘काकू, मुंग्या नेमक्या केव्हा येतात?’’

‘‘सकाळी. धुणं वाळत घालताना.’’

‘‘आणि पायांना?’’

‘‘पायांना काही नाही.’’

डॉक्टर क्षणभर थांबले. मधुमेहातील बधिरपणा व मुंग्या बहुधा पायांपासून सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना सारख्याच जाणवतात, हे त्यांनी मला समजावले. मग म्हणाले, ‘‘घरी गेल्यावर आधी त्या तारेला टेस्टर लावून पाहा. तोवर काकूंना तिकडे जाऊ देऊ नका.’’

मी वडिलांचा टेस्टर तारेला टेकवला. भर दुपारी, बल्ब बंद असताना, त्यातला तांबूस दिवा लागला.

मुख्य स्विच बंद करून मी परवानाधारक तारतंत्र्याला बोलावले. त्याने अर्ध्या तासात माझ्या चुका मोजून दाखवल्या. उन्हाने वायरचे आवरण तडकले होते आणि जोडावरच्या चिकटपट्टीखाली पावसाचे पाणी शिरले होते. बल्बचा स्विच मी फेजऐवजी न्यूट्रलवर घेतला होता. त्यामुळे बल्ब विझला तरी वायरीत वीज चोवीस तास जिवंत होती. आईच्या पायांत रबरी चपला होत्या आणि पडवीची फरशी कोरडी होती, म्हणून तिला मुंग्यांवर निभावले. ‘‘एखाद्या दिवशी आजी अनवाणी, ओल्या जमिनीवर उभ्या असत्या तर...’’ एवढे बोलून तो थांबला.

‘‘पण एमसीबी आहे ना?’’ मी विचारले. त्याचे उत्तर प्रत्येक घराने ऐकावे असे आहे. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवते, माणसाला नव्हे. १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. शरीराला मात्र सुमारे १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात, १० च्या पुढे मूठ आवळली जाऊन तार सोडवत नाही आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. कातडी ओली असली की तिचा विरोध फार घटतो. यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तफावत दिसताच ती निमिषार्धात वीज तोडते. आमच्याकडे ती नव्हती.

आता ती आहे. बाहेरची वायर तीनपदरी, हिरव्या अर्थिंगसह, पाइपातून नेलेली आहे. उघड्यावर कुठेही जोड नाही. जे आहेत ते पाणी न शिरणाऱ्या बंद पेटीत. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवले आहे आणि वायरीला आत शिरण्यापूर्वी खाली झोल दिला आहे, म्हणजे पाणी तिच्यावरून घरात न येता तेथेच ठिबकते. कपड्यांसाठी लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी आली.

मी पेटी टाकून दिली नाही. फक्त तिची हद्द आखून घेतली. टीव्हीमागची वायरींची गुंतवळ मी स्वतः सोडवली. आधी सारे प्लग काढले, धूळ पुसली, प्रत्येक प्लगला नावाची चिठ्ठी लावली आणि जुन्या साडीच्या पट्ट्यांनी वायरी सैल बांधल्या. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवून तिच्यावर जास्त भार टाकला तर ती तापते, म्हणून ती पूर्ण उलगडून ठेवली. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट, हा हिशेब वहीत लिहिला आणि पाणी तापवण्याचा २,००० वॅटचा हीटर त्या बोर्डावरून कायमचा हटवला. बल्ब बदलणे, प्लगचे आवरण तपासणे, वायरी नीट लावणे ही माझी कामे. नवी वायर ओढणे, अर्थिंग आणि बाहेरचे सारे काम तारतंत्र्याचे.

घरातल्या सर्वांना आम्ही मुख्य स्विच दाखवून ठेवला आहे. कोणाला विजेचा धक्का बसला तर त्याला हात न लावता प्रथम वीज बंद करायची. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर सारायची. मग १०८ ला फोन. तो शुद्धीत नसेल आणि श्वासही नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे. माणूस लगेच उठून बसला तरी डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढून घ्यायचा. आईचाही काढला, सुदैवाने तो ठीक आला.

मुंग्या त्यानंतर आल्या नाहीत. बी-१२ च्या गोळ्या ती घेते, कारण ती कमतरता खरीच होती. पण तिने काही दुखणे सांगितले की आता मी निदान सांगत नाही. केव्हा होते, कुठे होते, काय करताना होते, एवढेच विचारतो. दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबायचे असते. दिवे क्षणभर जातात. मी विसरलो तर पडवीतून आईचा आवाज येतो, ‘‘अरे, आज एक तारीख ना?’’