औषध आणि अन्न

रोग गरीब-श्रीमंत हा भेद पाहत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. क्षयरोगाच्या बाबतीत तरी हे वचन खरे ठरत नाही. कोंदट खोपटात दाटीवाटीने राहणाऱ्या आणि अर्धपोटी निजणाऱ्या माणसांना तो आधी गाठतो. म्हणून अशा रोगाशी झुंजणाऱ्या डॉक्टरला रुग्णाची छाती तपासून भागत नाही. त्याच्या घरची चूल पेटली आहे की नाही, हेही पाहावे लागते. डॉ. पॉल फार्मर यांनी ते आयुष्यभर पाहिले.

फार्मर यांचा जन्म १९५९ साली अमेरिकेत झाला. वैद्यकीय शिक्षणास आरंभ होण्यापूर्वीच, १९८३ मध्ये, ते प्रथम हैतीला गेले. कॅरिबियन समुद्रातील हा देश अत्यंत दरिद्री. तेथील कांज नावाची डोंगराळ वस्ती त्यांची कर्मभूमी ठरली. या वस्तीची कहाणी करुण होती. १९५६ मध्ये पेलिग्र येथे धरण उभे राहिले आणि खोऱ्यातील सुपीक शेते पाण्याखाली गेली. शेतकऱ्यांनी वरच्या उजाड डोंगरांचा आश्रय घेतला. धरणाची वीज दूरच्या शहराकडे गेली. ज्यांची शेते बुडाली, त्यांच्या झोपड्यांत मात्र अंधारच राहिला.

हार्वर्ड विद्यापीठात शिकत असतानाच फार्मर कांजला जाऊन रुग्णसेवा करीत. १९८७ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस कांजच्या परिसरातील काही क्षयरोगी दगावले. औषधे विनामूल्य मिळत असताना असे का व्हावे? सर्व कार्यकर्ते विचारविनिमयासाठी जमले. कोणी म्हणाले, “या लोकांना आजार म्हणजे करणी वाटते, म्हणून ते औषध सोडतात.” गावातील काही आरोग्यसेवकांचे मत निराळे होते. ज्यांच्या घरी अन्नाचा कण नाही, तेच रुग्ण दगावतात, असे त्यांचे म्हणणे पडले.

नुसता वाद घालीत बसण्यापेक्षा फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडताळा पाहण्याचे ठरविले. काही रुग्णांना केवळ विनामूल्य औषधोपचार मिळाले. इतरांना त्याखेरीज अन्नासाठी व प्रवासासाठी थोडे पैसे मिळाले आणि आरोग्यसेवक त्यांच्या घरी नित्य जाऊ लागले. या दुसऱ्या गटातील सर्व रुग्ण बरे झाले. पहिल्या गटातील जेमतेम निम्मे. करणीवरील विश्वासाने परिणामात काहीच फरक पडला नव्हता. करणी मानणारा रुग्णही, पोटाला आधार मिळाला की, औषध नेमाने घेत होता.

अज्ञानाचा ठपका गरिबावर ठेवणे सोपे असते. त्याची अडचण जाणून घेणे कष्टाचे असते. फार्मर यांनी ते कष्ट पत्करले. रुग्ण बरा झाला नाही, तर उणीव आपल्या व्यवस्थेत शोधावी, असा त्यांचा दंडक होता. ठरलेल्या दिवशी एखादा क्षयरोगी दवाखान्यात आला नाही, तर ते डोंगर चढून त्याच्या झोपडीपर्यंत जात. डोंगरामागे आणखी डोंगर असतात, असे हैतीचे लोक म्हणतात. त्या वाटांवर या म्हणीचा प्रत्यय त्यांना वारंवार येई.

पुढे पेरू देशातील लिमा शहराच्या झोपडवस्तीत नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय आढळला. अशा रोग्यांवरील उपचार गरीब देशांना परवडणार नाहीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत होते. फार्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून तेथे उपचार चालविले आणि बहुसंख्य रुग्ण बरे करून दाखविले. १९९८ पासून कांजमध्ये एड्सच्या रुग्णांनाही महागडी औषधे विनामूल्य मिळू लागली. शेजारपाजारचे प्रशिक्षित सोबती ती रोज घरपोच नेऊन देत. घड्याळ नसलेल्या माणसांना वेळेवर औषध घेणे साधणार नाही, हा आक्षेप अशा रीतीने फोल ठरला.

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी आफ्रिकेतील रवांडा देशात, अशाच सेवाकार्यात असताना, वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. औषध द्यावे आणि अन्न देऊ नये, हे हात धुऊन ते मातीला पुसण्यासारखे आहे, अशा आशयाची एक म्हण हैतीत प्रचलित आहे. तेथील खेडुतांना हे शहाणपण पूर्वीपासूनच अवगत होते. फार्मर यांचा मोठेपणा हा, की इतके शिकूनही ते त्यांच्याकडून ते शिकले.