बर्फाची सहल, इंधनाची बचत

डिसेंबर संपत आला की द्वारकेतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. बाबा गाडीच्या छतावर बॅगा बांधत असतात, मुलं टोप्या घालून मागच्या सीटवर आधीच जागा धरून बसलेली असतात आणि आजी डब्यात तिळाच्या वड्या भरून देत असते. बेत एकच, बर्फ पाहायला मनाली. पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना बर्फ बघायला विमान किंवा रेल्वेचं तिकीट काढावं लागतं. तुमच्यासाठी मात्र तो साडेपाचशे किलोमीटरवर, स्वतःच्या गाडीने जाण्याच्या अंतरावर आहे.

सहलीहून परतल्यावर हिशोब मांडला की हॉटेलच्या खालोखाल मोठा आकडा बहुधा इंधनाचा निघतो. तो कमी करता येतो. मात्र कुठे वाचवायचं आणि कुठे मुळीच वाचवायचं नाही, हे घरातून निघण्याआधी ठरलेलं हवं. बर्फाच्या रस्त्यावर चुकीच्या जागी केलेली बचत फार महाग पडते.

आधी कागदावर हिशोब

जाणं-येणं ११०० किलोमीटर आणि तिथलं फिरणं १५० किलोमीटर, म्हणजे एकूण १२५० किलोमीटर धरा. गाडीने लिटरला १५ किलोमीटर दिले तर सुमारे ८३ लिटर पेट्रोल लागेल. तेच १२ किलोमीटर दिले तर १०४ लिटर. फरक २१ लिटरचा. लिटरला १०० रुपये धरले तरी दोन हजार रुपयांच्या वर जातो. हा फरक नवीन गाडी घेऊन नाही, सवयी बदलून मिळतो.

त्याहून मोठी बचत सोबतीत आहे. दोन कुटुंबं दोन छोट्या गाड्यांनी गेली तर वरच्या हिशोबाने १६६ लिटर लागतात. सातजण एकाच मोठ्या गाडीत बसले आणि तिने लिटरला १३ किलोमीटर दिले तर ९६ लिटरमध्ये काम होतं. शेजारच्या कुटुंबाशी बोलून बघा. मुलांनाही सोबत मिळते आणि गाडी चालवायला दोघेजण असतात.

तिघेच असाल तर बसचाही विचार करा. द्वारका सेक्टर २१ हून ब्लू लाइनने राजीव चौक, तिथून यलो लाइनने कश्मीरी गेट. तिथल्या बसअड्ड्यावरून हिमाचल परिवहनच्या व्होल्वो बस रात्रभरात मनालीला पोहोचवतात.

बचत पार्किंगमध्येच सुरू होते

छतावरच्या बॅगा खाली उतरवा. गाडी वेगात असताना छतावरचं सामान वारा अडवतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मोजणीनुसार छतावरच्या मोठ्या पेटीमुळे हायवेवर इंधनाची कार्यक्षमता ६ ते १७ टक्क्यांनी घटते, वेग जास्त असेल तर २५ टक्क्यांपर्यंत. माणशी एक मऊ बॅग असा नियम केला तर सगळं डिकीत मावतं.

टायरमधली हवा निघण्याच्या दिवशी, टायर थंड असताना तपासा. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. सकाळी इंजिन गरम करायला दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवू नका. आजच्या गाड्यांना अर्धा मिनिट पुरतो. त्यानंतर हळू चालवत निघालात की इंजिन लवकर गरम होतं.

द्वारकेतून बाहेर पडताना

पूर्वी उत्तरेकडे जायचं तर दिल्लीच्या गर्दीतून वाट काढावी लागायची. तास-दीड तास क्लच आणि ब्रेक यांच्यातच जायचा. १७ ऑगस्ट २०२५ रोजी अर्बन एक्स्टेन्शन रोड २ चं उद्घाटन झालं आणि द्वारकेकरांना नवा मार्ग मिळाला. हा रस्ता मुंडका, बवाना ओलांडून अलीपूरजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ ला मिळतो. मुंडका-बक्करवाला इथे टोल आहे, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. टोल वाचवायला शहरातून जायचा मोह होईल. पण सिग्नलवर उभी गाडी तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जाळते, हे लक्षात असू द्या.

वेळही विचार करून निवडा. डिसेंबर-जानेवारीत या महामार्गावर रात्री आणि पहाटे दाट धुकं असतं. धुकं विरल्यावर निघा, चंडीगड किंवा बिलासपूरच्या आसपास मुक्काम करा आणि पहाडातला रस्ता दुसऱ्या दिवशी उजेडात पार करा.

पानिपतला जरा थांबा

मुरथलचे पराठे खाऊन पुढे निघालात की पानिपत येतं. १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठी घरातल्या मुलांना पुस्तकातून ठाऊक असते. काला आंब इथलं स्मारक त्यांना प्रत्यक्ष दाखवा. त्या लढाईआधी मराठ्यांची रसद तुटली होती, माणसं आणि जनावरं उपाशी होती, हेही सांगा. प्रवासात रसद संपू द्यायची नसते, हा धडा तुमच्या टाकीलाही लागू आहे. पहाड सुरू झाला की टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. सीएनजीची गाडी असेल तर पेट्रोलची टाकीही भरलेली ठेवा. वरच्या भागात सीएनजीच्या भरवशावर राहता येत नाही.

या सपाट रस्त्यावर खरी बचत वेगात आहे. ताशी ८० ऐवजी ११० ने गेलात तर हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो. सगळा प्रवास ८० ते ९० च्या दरम्यान एकसारख्या वेगाने करा. मनालीला तासभर उशिरा पोहोचाल, पण वाचवलेले पैसे तिथे मुलांसाठी उपयोगी पडतील.

चढ, उतार आणि न्यूट्रलचा मोह

किरतपूर-नेरचौक हा चौपदरी रस्ता २०२३ मध्ये सुरू झाला. त्याच्या बोगद्यांमुळे स्वारघाटची जुनी वळणं टळतात, वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं. त्यानंतर मंडी, पंडोह, औट, कुल्लू. चढावर इंजिनला कण्हायला लावू नका, वेळेवर खालचा गिअर टाका. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे साध्या पेट्रोल गाडीची ताकद कमी झाल्यासारखी वाटते. गाडी बिघडली असं समजून अॅक्सिलरेटर दाबत राहिलात तर फक्त पेट्रोल जळेल.

आता उतार. 'उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं,' असं सांगणारे एखादे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं ऐकू नका. आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला जाणारं इंधन जवळजवळ बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. शिवाय इंजिनचा ब्रेक सुटतो, सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो आणि तो तापून निकामी होऊ शकतो. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. बोरघाटात हे जितकं खरं, तितकंच कुल्लूच्या रस्त्यावरही.

मनालीत गाडी विसरा

मनालीत पोहोचल्यावर गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये लावा. माल रोड पायी फिरा. सोलंग खोरं १३-१४ किलोमीटरवर आहे. पुढे ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ओलांडला की लाहौलमधलं सिस्सू येतं. हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून भर थंडीतही लाहौलचं बर्फ पाहता येतं. ताजं बर्फ पडलं की पोलीस फक्त फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. अशा दिवशी स्थानिक टॅक्सी घ्या आणि दुसऱ्या कुटुंबाबरोबर भाडं वाटून घ्या. रांगेत दोन तास इंजिन चालू ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. स्वतःची गाडी नेलीच तर चाकांना साखळ्या फक्त बर्फावर लावा, मोकळ्या रस्त्यावर लगेच काढा. साखळ्यांनी इंधनही जास्त जातं आणि टायरही खराब होतात.

स्नो स्कूटरची फेरी

सोलंगला मुलांचा हट्ट असतो स्नो स्कूटरचा. पुढे दोन पट्ट्या, मागे बर्फ कापत फिरणारा रबरी पट्टा. हे यंत्र भलतंच इंधन पितं. लिटरमागे साधारण ४ ते ८ किलोमीटर, भुसभुशीत बर्फात त्याहूनही कमी. ते पेट्रोल खालून वर आणावं लागतं, म्हणून छोट्या फेरीलाही पैसे जास्त पडतात. बसण्याआधी तीन गोष्टी विचारा: दर फेरीचा आहे की मिनिटांचा, एकाचा आहे की दोघांचा, फेरी कुठून कुठपर्यंत आहे. मूल लहान असेल तर त्याला चालवणाऱ्याबरोबरच बसवा, हेल्मेट मागा. एकच फेरी घ्या. उरलेला वेळ बर्फाचा माणूस करण्यात घालवा, त्याला पेट्रोल लागत नाही.

इथे बचत नको

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक बर्फ पडलं आणि सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांनी पर्यटकांना बाहेर काढलं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे असं घडलं तेव्हा गाड्यांमध्ये अडकलेल्या वीसहून अधिक जणांचा जीव गेला.

म्हणून मनालीहून वर निघताना टाकी भरूनच घ्या. गाडी अडकली तर टाकीतलं इंधन म्हणजे तुमच्या मुलांची ऊब असते. इंजिन सतत चालू ठेवू नका, तासाला दहा मिनिटं पुरे. पण त्याआधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचं बर्फ हाताने काढा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. नळी बुजली की विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. गाडीत पाणी, खाऊ, घोंगडी आणि टॉर्च ठेवा. हे वजन वाचवायचं नाही.

डिझेल गाडीवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. दिल्लीत भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊ शकतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल आणलं, ते याच कारणाने. लाहौलमध्ये रात्री राहणार असाल तर डिझेल वर जाताना तिथल्या पंपावर भरा.

द्वारका ते कुल्लू या टप्प्यात प्रत्येक लिटरचा हिशोब ठेवा आणि बर्फ सुरू झालं की हिशोबाची वही मिटा. परत येऊन गाडी सोसायटीत लावाल तेव्हा टाकीत थोडं इंधन उरलेलं असू द्या. ते वाया गेलं असं समजू नका. पुढच्या रविवारी आजीला मंदिरात न्यायला ते उपयोगी येईल.