रुळावरची चकाकी

सेवानिवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा, ह्याविषयी सेवानिवृत्त नसलेल्या माणसांची मते फार ठाम असतात. कुणी गीतेचे वाचन सुचवतो, कुणी पहाटेचे फिरणे. गुलाबाची कलमे, होमिओपॅथी आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीसपद हीदेखील मान्यता पावलेली औषधे आहेत. मी ह्यांतले काहीच करत नाही. मी रूळ तयार करतो. आगगाडीचे रूळ, आणि तेही लोखंडाचे नव्हेत, तर संगणकाच्या पडद्यावरचे.

“म्हणजे इंजिने तयार करता का?” असे समोरचा हमखास विचारतो. इंजिनाचा नाद लोकांना समजतो. इंजिन म्हणजे नाटकातला नायक. रूळ म्हणजे रंगभूमीच्या फळ्या. नाटक पाहून घरी येताना फळ्यांची तारीफ आजवर कुणी केलेली नाही. पण वाशिमच्या एका शाळेत मी तीस वर्षे चित्रकला शिकवली आहे, आणि ज्या वस्तूकडे कुणी पाहत नाही तीच काढायला मुलांना बसवायचे, ही माझी जुनी खोड आहे. घंगाळ, छत्री, बंद पडलेला कंदील. रूळ हा त्याच जातीचा.

ह्या नादाचे मूळ म्हणजे माझा पुण्याचा नातू. एका दिवाळीच्या सुटीत त्याने माझ्या संगणकावर आगगाडी चालवण्याचा खेळ घालून दिला. ह्या खेळाला सिम्युलेटर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००१ साली असा एक खेळ बाजारात आणला होता. त्यात इंग्लंड, ऑस्ट्रिया, जपान आणि अमेरिका इथले मार्ग होते. आपल्याकडचा एकही नव्हता. पण हौशी माणसांना त्यात आपले मार्ग भरता येत, आणि आपल्याकडच्या हौशी मंडळींनी ते भरलेही. आता तो खेळ जुना झाला. त्याच्यासाठी केलेले मार्ग ‘ओपन रेल्स’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या खेळात चालतात. वस्तूंचे आकार घडवण्यासाठी ‘ब्लेंडर’ नावाचे साधनही फुकटच मिळते. पेन्शनरला ह्याहून सोयीचा छंद कुठला?

ह्या खेळातली एक गोष्ट कळली तेव्हा मला मोठी मौज वाटली. खेळातली गाडी रुळांवरून धावतच नाही! ती धावते एका अदृश्य रेषेवरून. वळण किती, चढ किती, सांधा कुठे बदलतो, हे सारे त्या रेषेत आकड्यांनी नोंदलेले असते. वर दिसणारे रूळ, स्लीपर आणि खडी हा निव्वळ देखावा. तो काढून टाकला तरी गाडी बिनतक्रार हवेतून जाईल. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर असे की, चालवणारा माणूस त्या अदृश्य रेषेवर विश्वास ठेवत नाही. त्याला पायाखाली लोखंड दिसावे लागते.

आता लोखंड दाखवायचे तर ते आधी पाहायला हवे. पूर्णा-अकोला मार्ग वाशिमवरून जातो. तो पूर्वी मीटरगेज होता. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे ब्रॉडगेज झाले. मी फाटकाबाहेर उभा राहून त्याची छायाचित्रे घेऊ लागलो. छायाचित्रे ढगाळ दिवशी घ्यावी लागतात, कारण उन्हात घेतलेल्या चित्रात सावली कायमची चिकटून बसते आणि मग पडद्यावर सूर्य एकीकडे नि खडीची सावली भलतीकडे, असा प्रकार होतो. आषाढ-श्रावणात लोक घरात बसून भजी खातात तेव्हा मी कॅमेरा घेऊन फाटकाकडे निघत असे. घरातून त्यावर जो अभिप्राय येई, तो इथे देण्याचे कारण नाही.

पाहू लागल्यावर कळते की, रूळ ही काही दोन समांतर रेषांची भूमिती नव्हे. दोन्ही रूळ किंचित आत कललेले असतात. विसास एक हे त्या कलण्याचे प्रमाण. ब्रॉडगेजवर काँक्रीटचे स्लीपर किलोमीटरला १६६० घातले, तर दोन स्लीपरांमध्ये साधारण ६० सेंटिमीटर अंतर पडते. दर स्लीपरवर रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा. म्हणजे किलोमीटरला ६६४०. त्या साऱ्या अगदी बारकाईने घडवल्या तर संगणक धापा टाकू लागतो. म्हणून जवळच्या क्लिपा नीट घडवायच्या, थोड्या दूरच्या ओबडधोबड, आणि त्यापलीकडे नुसता रंगाचा ठिपका. चित्रकलेच्या वर्गात दूरच्या झाडाची पाने मोजू नका असे सांगतो, तेच इथे.

खरी अडचण पुनरावृत्तीची. दहा मीटरचा एक तुकडा करून तोच पुढे पुढे जोडत गेले की एक पांढरा खडा दर दहा मीटरला सलाम करायला हजर होतो. डोळा तो ताबडतोब पकडतो. म्हणून खड्यांचे, गवताचे, डागांचे अनेक नमुने करून ते मिसळावे लागतात.

हे डाग कुठे असतात, ते मला आमच्या ओळखीच्या एका निवृत्त चाबीवाल्याने शिकवले. रोज हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासणारा, ढिली झालेली चावी ठोकून बसवणारा, तो चाबीवाला. त्याने सांगितले की, गाड्या ब्रेक लावून थांबतात तिथली खडी तांबूस-काळी पडते, आणि मोकळ्या लायनीवरची करडी राहते. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या अंगाने झिजतो. सांध्याशी रूळ कणभर दबतो. आयुष्यभर ह्या माणसाने जे पाहिले, ते दुसऱ्या कुणी त्याला विचारलेच नव्हते. तो दोन तास बोलत होता. चहा दोनदा निवला.

त्यानंतर मी शकुंतलेकडे वळलो. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची छोटी लाइन आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्यावरून जाते. गाडी भारतीय रेल्वे चालवी, पण लाइन एका जुन्या खाजगी कंपनीच्या मालकीची. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत भरावा आणि तो मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा, ह्यासाठी ती घातलेली. तिचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली तयार झालेले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आले, आणि गेल्या दशकात गाडीच बंद पडली.

मंगरुळपीरमार्गे मी कारंज्याला गेलो. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून लोक तिथे येतात. मी मोजपट्टी घेऊन आलो होतो. दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. खेळाबरोबर येणारे रूळ १४३५ मिलिमीटरचे, तेव्हा इथे उसने काहीच चालण्यासारखे नव्हते. सारे नव्याने घडवणे आले. मी गवत बाजूला सारून चित्रे घेतली. खडी मातीत मुरलेली, आणि रुळाची पाठ पार तांबडी. रुळावर गंज सगळीकडेच असतो. फक्त चाक जिथे फिरते तो माथ्याचा पट्टा तेवढा चांदीसारखा राहतो. पावसाळ्यात थोडे दिवस गाडी गेली नाही, की तो पट्टाही तांबूस होऊ लागतो. ती चकाकी रुळाची नव्हे, गाडीची असते.

इथे मी अडलो. “दिसते तेच काढा,” असे मी तीस वर्षे मुलांना बजावले होते. मला दिसला होता गंज. पण गंजलेल्या रुळावरून पडद्यावर गाडी चालवणे हे खोटे, आणि जी चकाकी मी पाहिलेली नाही ती रंगवणे हेही खोटेच. पुष्कळ दिवस काम तसेच पडून राहिले. शेवटी चाबीवाल्याला विचारले. त्याने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, “गाडी चालवाची असन तं रूळ चमकाले पाह्यजे, सर. गंज पाहाचा असन तं कारंज्याले जा ना.”

त्याच्या बोलण्याने एक उलगडा झाला. रूळ काढायचा तर आधी तारीख ठरवायला हवी. मी १९९३ सालचा हिवाळा ठरवला. कापसाचे दिवस, आणि वाफेचे इंजिन अजून चालते आहे. चकाकी घेतली वाशिमच्या लायनीवरून, जिच्यावरून आज गाड्या जातात. ती मापाने अरुंद केली आणि कारंज्याच्या रुळांच्या माथ्यावर चढवली. चालत्या लायनीने बंद पडलेल्या लायनीला थोडी चकाकी उसनी दिली, तर त्यात कुणाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही.

पहिली गाडी सोडली तेव्हा प्रेक्षक एकच होता, आमच्या सौभाग्यवती. त्यांचे माहेर दारव्ह्याचे. लहानपणी त्या शकुंतलेने मूर्तिजापूरला जात. मी मोठ्या अभिमानाने इंजिनातून दिसणारे रूळ दाखवले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, बसणाऱ्याला रूळ कुठे दिसतात? खिडकीतून गवत दिसायचं. हात बाहेर काढला की हाताला लागायचं.”

ड्रायव्हरला माथ्यावरची चकाकी दिसते, चाबीवाल्याला दबलेला सांधा, आणि खिडकीतल्या मुलीला गवत. रूळ तेच. मी फक्त पहिल्या दोघांचे ऐकून थांबलो असतो, तर अर्धी गाडी रिकामीच धावली असती.

तेव्हा सध्या गवताचे काम चालू आहे. ते खिडकीपर्यंत किती उंच असावे, ह्यावर रोज जेवताना नव्या सूचना मिळतात. काल असे ठरले की, पिवळे थोडे कमी करावे आणि मधूनमधून एखादी बाभळ लावावी. दारव्हा अजून बरेच दूर आहे.