थेंब चुकवू नका, नजर राखा

नेत्रविभागात काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांना एक प्रश्न नेहमी ऐकू येतो, "सिस्टर, माझा बिंदू पिकला का? ऑपरेशन कधी?" मोतीबिंदू काय आणि काचबिंदू काय, लोकांना दोन्ही एकच वाटतात. हा गैरसमज फार महागात पडतो. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेनंतर बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याची नस सुकत जाते, बहुतेकदा डोळ्यातील दाबामुळे. त्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

झाडलोटीचे काम करणाऱ्या एका मावशींनी तीन महिन्यांतच औषध सोडले. म्हणाल्या, "थेंब घालून फरक तर काहीच नाही. वर इथे यायचे तर दिवसाची मजुरी बुडते." त्यांचे काय चुकले? हा रोग बहुधा दुखत नाही. आधी बाजूचे दिसणे जाते, समोरचे स्वच्छ दिसत राहते. आम्ही म्हटले, "मावशी, हे थेंब नजर वाढवायला नाहीत, आहे ती राखायला आहेत." मग बाटली त्यांच्याच हाती दिली. पहिला थेंब गालावर, दुसरा पापणीवर! महिन्याची बाटली पंधरा दिवसांत का संपे, ते तेव्हा कळले.

म्हणून आम्ही नुसते सांगत नाही, करून घेतो. हात धुवा. मान मागे करून खालची पापणी ओढा. एकच थेंब पुरे. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबा, म्हणजे औषध अंगात कमी भिनते. दुसरे औषध पाच मिनिटांनी घाला. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही थेंबांनी तो बळावतो. दुकानातून मनानेच स्टेरॉइडचे थेंब आणू नका. त्यांनी दाब वाढू शकतो. डोळा लाल होऊन असह्य दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर तडक रुग्णालय गाठा.

मावशींना वाचता येत नाही. त्यांच्या नातीने रात्रीच्या बाटलीला काळा दोरा बांधला. आता थेंब चुकत नाहीत. परवा त्या मुलालाच घेऊन आल्या, "याचेही डोळे बघा."

भगिनींनो, आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीची वाट न पाहता आपलेही डोळे तपासून घ्या. दिसते आहे तोवरच तपासायचे असते.