फ्लॉपीतली बाग

नवं यंत्र दिसलं की माझा हात आपोआप खिशात जातो. जुना रोग आहे. आमच्या वरूडात लोक संत्र्याची झाडं लावतात, मी वायरी लावतो.

१९९७ साली घरात पहिला संगणक आला. बागेचा पंचवीस वर्षांचा हिशेब मी रात्री जागून फ्लॉपीवर चढवला आणि बाबांच्या वह्या रद्दीत घातल्या. १.४४ मेगाबाइटची ती वडी! आज मोबाइलमधला एक बरा फोटोही तिच्यात मावायचा नाही. पुढं सीडी आली, पेनड्राइव्ह आला, चार संगणक बदलले. वडी कपाटात राहिली.

परवा बाबा म्हणाले, "काऊन रे, बहात्तरच्या दुष्काळात आपली झाडं किती वाचली होती? पाय बरं तुह्या मशीनमंदी."

फ्लॉपी सापडली, ती वाचणारं यंत्र एका मित्राकडून आणलं. पण युनिकोडच्या आधीचा फाँट! मराठीचा पार चिवडा. आकडे तेवढे शाबूत. ते झाडांचे की रुपयांचे, देव जाणे.

बाबा शांतपणे म्हणाले, "जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरते. डोळा फुटला म्हून कोनी खुंट उपटते काय, लेका?"

मग ते आठवून आठवून सांगत गेले, मी दोनशे पानी वहीत लिहीत गेलो. त्यांना आठवलं नाही तिथं जागा कोरी सोडली. पेन मात्र नवंच घेतलं. रोग तो रोगच!