बत्तीस नंबरची जर्सी

१७ डिसेंबर १९४४. न्यू यॉर्कचे पोलो ग्राउंड्स मैदान माणसांनी फुलून गेले होते. व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना होता, न्यू यॉर्क जायंट्स विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. जायंट्सच्या फळीत साडेसहा फूट उंचीचा, अडीचशे पौंड वजनाचा एक फौजी उभा होता. सैन्यातून रजा काढून तो खेळायला आला होता. जायंट्स ७-१४ असे हरले आणि तो पुन्हा गणवेश चढवून निघून गेला. त्यानंतर तो जेमतेम पंचेचाळीस दिवस जगला.

त्याचे नाव अल ब्लोझिस. जन्म १९१९ चा, न्यू जर्सी राज्यातला.

आपल्याकडे फुटबॉल म्हटला की पायाने टोलवायचा चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतला फुटबॉल निराळाच. तिथे लांबुळका चेंडू बगलेत मारून पळायचे आणि प्रतिपक्षाने अंगावर झेपावून पळणाऱ्याला लोळवायचे. ब्लोझिस ‘टॅकल’ होता. म्हणजे भिंतच! आपल्या माणसाची वाट मोकळी करायची, समोरच्याची अडवायची. या जागेवरच्या खेळाडूच्या वाट्याला सहसा टाळ्या येत नाहीत. ब्लोझिसच्या वाट्याला मात्र त्या आल्या.

खरे तर त्याचा मूळ खेळ गोळाफेक. जॉर्जटाऊन विद्यापीठात असताना या खेळात देशातल्या अव्वल खेळाडूंत त्याची गणना होई. पण १९४० चे ऑलिंपिक महायुद्धाने गिळले, १९४४ चेही. एरवी पदकाची आशा धरायला काहीच हरकत नव्हती. १९४२ मध्ये तो जायंट्समध्ये आला. तरुण खेळाडू एकामागून एक लष्करात चालले होते. १९४३ साली तर पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना मिळून एकच संघ उभा करावा लागला.

ब्लोझिसलाही जायचे होते, पण आड आली ती उंची. एवढ्या धिप्पाड माणसाला लष्कराच्या नियमात जागा नव्हती. दुसरा एखादा सुटकेचा नि:श्वास टाकून घरी बसला असता. हा पठ्ठ्या मात्र अधिकाऱ्यांच्या मागेच लागला आणि अखेर सवलत मिळवून भरती झाला. प्रशिक्षणात त्याने हातबॉम्ब चौऱ्याण्णव यार्डांहून लांब फेकला. गोळाफेकीचा हात तो! शारीरिक शिक्षकाचे सुरक्षित काम त्याला मिळाले होते, पण त्याचा जीव त्यात रमेना. त्याने आघाडीवर जाणे मागून घेतले.

३१ जानेवारी १९४५. फ्रान्सच्या व्होज पर्वतात दाट बर्फ पडले होते. लेफ्टनंट ब्लोझिसच्या पलटणीतले दोघे जण गस्तीवरून परतले नाहीत. कुणाला तरी धाडता आले असते. तो स्वतः, एकटाच त्यांना शोधायला गेला. झाडीच्या बाजूने मशीनगनचा आवाज आला. ब्लोझिस पुन्हा कुणाला दिसला नाही.

कित्येक आठवडे तो कागदोपत्री ‘बेपत्ता’ होता. एप्रिलमध्ये मृत्यूवर शिक्कामोर्तब झाले. दरम्यान ८ मार्चला जायंट्सचाच जॅक लमस हा खेळाडू इवो जिमा बेटावर, सुरुंगाने दोन्ही पाय नेल्यावर मरण पावला होता.

ब्लोझिसचे दफन फ्रान्समधल्या सेंट-अव्होल्ड येथील अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमीत झाले. जायंट्सनी त्याचा बत्तीस नंबर कायमचा बाजूला काढून ठेवला. त्या संघात आता ती जर्सी कुणालाच दिली जात नाही.