अर्जावर नाव कुणाचं?

"वहिनी, चकली एक नंबर आहे. पण नंबर नसेल तर काउंटरवर नाही ठेवता येणार." मुलुंड पूर्वेच्या एका दुकानदाराने २०२१च्या गणपतीनंतर मला असं सांगितलं. पहिला नंबर चवीचा होता, दुसरा अन्न सुरक्षा खात्याचा. त्याचं म्हणणं रास्तच होतं. लॉकडाऊनमध्ये घरातला पगार निम्म्यावर आला तेव्हा मी फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. आधी सोसायटीत, मग ओळखीओळखीतून भांडुप, घाटकोपरपर्यंत. ओळखीच्यांना डबा भरून देताना कुणी कागद मागत नाही. दुकानात माल ठेवायचा म्हटलं की मागतात.

आमच्या जिन्यातल्या बायकांचं मत ठरलेलं होतं. आपण काय हॉटेल चालवतो? घरचं तर आहे, आवड म्हणून करतो. पण २००६चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा नफ्यासाठी करता की आवडीने, हे विचारत नाही. विकायला अन्न तयार करता ना, मग तो व्यवसाय. छोट्यांवर त्याने मोठं ओझं मात्र टाकलेलं नाही. मी नोंदणी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरायची. शुल्क वर्षाला १०० रुपये, आणि एकदम ५ वर्षांचं भरता यायचं. १२ लाख म्हणजे महिन्याला १ लाख. पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या, उकडीचे मोदक करणाऱ्या, लोणची-पापडवाल्या, माझ्या ओळखीतल्या सगळ्या यात आरामात बसतात.

स्टेशनबाहेरच्या एका एजंटाने याच कामाचे तीन हजार सांगितले. वर न विचारता नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं. फ्लॅट त्यांच्या नावावर, लाइट बिल त्यांच्या नावावर, मग अर्जही त्यांच्याच नावाचा, असा त्याचा हिशेब. मी उठून घरी आले.

रात्री मुलीला शेजारी बसवून पोर्टलवर स्वतःच अर्ज भरला. धंद्याचे प्रकार वाचताना छापील अर्जातल्या यादीतल्या एका ओळीवर थांबले: घरगुती कॅन्टीन आणि डबेवाले. कायदा लिहिणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा वेगळा विचार केला होता, हे बघून फार बरं वाटलं. माझा माल पाकीटबंद म्हणून मी छोटे उत्पादक हा प्रकार निवडला. माझा फोटो, माझं आधार कार्ड, आणि जागा ह्यांच्या नावावर म्हणून ह्यांचं संमतीपत्र. सेक्रेटरी काकांनी "माणसांची ये-जा वाढणार नाही ना?" एवढंच विचारलं.

नियमानुसार सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा पाहणीला येतो म्हणून कळवायचं. माझ्याकडे पाहणी झाली. अन्न व औषध प्रशासनाच्या मॅडम आल्या तेव्हा सासूबाईंनी ओटा तीनदा पुसला होता. मॅडमनी ओट्याच्या दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. पिण्याचं पाणी कुठे साठवता, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, पिठांचे डबे जमिनीवर ठेवता का, घरात कुणी आजारी असेल तर तळणीला कोण बसतं, असे त्यांचे प्रश्न. कढईतल्या तेलाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. २०१८पासून तळणीच्या तेलाला मर्यादा आहे: पुन्हा पुन्हा तापवून त्यातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं. रंग काळपट झाला, फेस धरला, धूर लवकर यायला लागला की टाका, असं त्यांनी समजावलं. चकल्या गार करायला पसरलेला वर्तमानपत्राचा कागद उचलून बाजूला ठेवला. छपाईची शाई तेलात उतरते. या गोष्टी तर मला माझ्या मुलांसाठीही हव्याच होत्या. भीती वाटावी असं त्यात काय आहे?

खरी मेहनत लेबलला लागली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे आणि सासूबाईंची भाजणी वाट्यांत! चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, धने-जिरे मुठीने. एका दुपारी आम्ही दोघींनी प्रत्येक वाटी काट्यावर ठेवली आणि त्यांची मूठसुद्धा वजनात आणली. पन्नास वर्षं हातात असलेलं ते माप त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आलं. मग निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, हिरवा ठिपका, पत्ता, आणि दोनने सुरू होणारा चौदा आकडी नोंदणी क्रमांक.

खटकतं ते एकच. एक खातं घरच्या स्वयंपाकघराला व्यवसाय म्हणून मान्यता देतं, आणि गॅसचा नियम म्हणतो की घरगुती सिलेंडर घरच्या स्वयंपाकापुरताच. हे दोन्ही नियम एका टेबलावर आणून चार किलो चकली करणाऱ्या बाईला झेपेल असा मार्ग सरकारने काढायलाच हवा.

नावाचा मुद्दा मी सोडत नाही, त्याला कारण आहे. गिरणगावात खानावळी चालवून कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना पत नव्हती. त्या वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीवर चालायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना संघटित केलं आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. आज शंभर रुपयांचा कागद आपल्या नावाचा करून घेण्यात आपण का मागे राहायचं? त्या प्रमाणपत्रावर मी चालू खातं उघडलं. दुकानदाराचे पैसे आता थेट माझ्या खात्यात येतात.

हल्ली मी इतरांचेही अर्ज भरून देते, पैसे घेत नाही. घाटकोपरच्या एक काकू शिकायला आलेल्या मुलांना डबे देतात. त्यांचा मुलगा म्हणाला, "माझं नाव टाका, आईला यातलं काय कळतंय?" मी त्याला विचारलं, पाहणीला आलेल्या मॅडमनी तेल किती वेळा तापवलं असं विचारलं तर उत्तर कोण देणार? तो गप्प झाला. अर्ज काकूंच्या नावाने गेला, मोबाइल नंबरही त्यांचाच दिला, म्हणजे खात्याचे निरोप त्यांनाच येतील.